मदत हवी आहे : महायुद्धाच्या पाटीवरचा ऑइलपेंट आणि हरवलेली नावं

करवीर तालुक्यातल्या एका चावडीच्या भिंतीत १९१४-१९ च्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. गावातून किती गेले, किती कामी आले, एवढाच मजकूर. नावं नाहीत, अशा पाट्यांवर बहुधा नसतातच.

वर चुन्याचे थर, त्यावर ऑइलपेंट. आकडे वाचायला अंधारात टॉर्च भिंतीलगत आडवी धरली की कोरीव कडांची सावली पडते, तेवढं जमतं. ॲसिड कुणी सुचवू नका, संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुन्याबरोबर अक्षरंही जातील. तारेचा ब्रश, ग्राइंडरही नको. पेंट रिमूव्हरचा लेप देऊन लाकडी पट्टीनं खरवडायचा विचार आहे, आधी कोपऱ्यात चाचणी. पण अक्षरांतला मूळ काळा भराव त्यानं निघतो का? कडेचं सिमेंट ओल धरतं, ते काढून चुन्याचा गिलावा करणारा गवंडी कोल्हापुरात कोण?

नावांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी-स्मारकांची नोंद ठेवणारी संस्था) यादीत गावाच्या नावानं शोधलं तर इंग्रजी स्पेलिंग दहा तऱ्हेचं. मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजचा इराक) होत्या, १०३, ११० आणि ११७ नंबरच्या तर तिथल्याच कुत गावच्या वेढ्यात (ब्रिटिश फौजेची शरणागती २९ एप्रिल १९१६), म्हणून त्या यादीतलं बसरा स्मारक (तिथे मेलेल्या, कबर माहीत नसलेल्यांचं) आधी बघणं बरं. कोल्हापूर पुरालेखागारात संस्थानी भरतीची कागदपत्रं कुणी चाळलीत का? कुठलं दप्तर मागायचं?