फारोच्या विटा आणि आमचं टार्गेट: बायबलमध्ये ऑफिस शोधून हसावं का?

वसईकर:
आमच्या टीममधली दोन माणसं सोडून गेली. बदली कोणी मिळणार नाही, टार्गेट मात्र तेवढंच, असं मीटिंगमध्ये सांगितलं. मी शेजारच्याच्या कानात म्हटलं, "गवत तुमचं तुम्ही आणा, विटा कालच्याएवढ्याच पाडा." त्याला काही कळेना. मग चहाच्या टपरीवर त्याला बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा पाचवा अध्याय सांगितला.

मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, इस्राएली लोक गुलाम असतात. त्यांचे पुढारी मोशे आणि अहरोन तिथल्या राजाकडे, फारोकडे जाऊन रानात देवाचा सण करायला सुट्टी मागतात. फारो म्हणतो, तुम्ही आळशी आहात म्हणून असलं सुचतं. विटांसाठी लागणारं गवत देणं बंद, आकडा मात्र तोच. लोक मिसरभर धसकटं वेचत फिरतात. आकडा भरत नाही तेव्हा मार कोणाला? मुकादमांनी नेमलेल्या इस्राएली नायकांना, म्हणजे आमच्या टीम लीडना. ते फारोपुढे गाऱ्हाणं घालतात, हात हलवत बाहेर येतात आणि वाटेत भेटलेल्या मोशेवरच घसरतात.

ऐकता ऐकता तो इतका हसला की कटिंग सांडला. "अरे, हे तर कालचंच आहे!" म्हणाला. लहानपणापासून चर्चमध्ये ऐकलेली गोष्ट मला पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाला सांगावीशी वाटली. अशा जोड्या खुशाल लावाव्यात, असं माझं मत. तुमचं काय?

नगरची लेक:
मला नाही पटलं. ती माणसं गुलाम होती. तुम्ही राजीनामा देऊ शकता, त्यांना ती सोय नव्हती. त्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात त्यांचे मुलगे नदीत टाकायचा हुकूम आहे.

आमच्या नगरकडे ख्रिस्ती झालेल्यांत गावकुसाबाहेरची घरं पुष्कळ. आजीच्या वडिलांनी पाटलाकडे वेठ केलेली. आजी हा अध्याय वाचायला लागली की गवताच्या ओळीशी थांबायची, चष्मा काढून पदराने पुसायची, मग पुढे जायची. तुमचा सहकारी हसला ती ओळ हीच. म्हणून लिहिल्यावाचून राहवलं नाही.

नोटीस पिरियड:
ताई, तुमचं म्हणणं मान्य. पण सगळ्या गोष्टी एका मापाने मोजू नका. लूकच्या शुभवर्तमानातल्या १६ व्या अध्यायातला कारभारी घ्या. मालकाने हिशेब मागितलाय, नोकरी जाणार हे नक्की. तो स्वतःशी म्हणतो, खणायची ताकद नाही, भीक मागायची लाज वाटते. मग मालकाच्या देणेकऱ्यांना एकेकाला बोलावतो. शंभर मापं तेल? पन्नास लिही. शंभर मापं गहू? ऐंशी लिही. उद्या यांच्याच दारात उभं राहायचंय ना! आणि पुढे मालक त्याच्या हुशारीला दाद देतो. हा दाखला, म्हणजे बोधकथा, खुद्द येशूने सांगितलाय. ऐकणारे तेव्हा हसले नसतील, हे मला खरंच वाटत नाही.

सकाळची पाळी:
यात मत्तयच्या शुभवर्तमानाचा २० वा अध्याय आणा. द्राक्षमळ्यात पहाटेपासून राबलेल्याला एक दिनार आणि शेवटच्या तासाला आलेल्यालाही एक दिनार. आमच्याकडे नव्याने आलेल्यांचा पगार कळला तेव्हा अगदी असंच झालं. त्या दिवशी हा दाखला आठवून मी हसलो. नाहीतर भांडण झालं असतं.

नगरची लेक:
दादा, इथेच माझा मुद्दा आहे. ऑफिसातला प्रत्येक जण स्वतःला पहाटेचा मजूरच समजतो. माझे वडील पुण्यात मजूर अड्ड्यावर उभे राहिलेत. टेम्पो येतो, धडधाकट पोरं उचलतो, निघून जातो. अकरा वाजले की उरलेले डबा न उघडता घरी. दाखल्यातही मळ्याचा धनी शेवटच्या तासाच्या मजुरांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे? ते सांगतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. ही ओळ तुमच्या विनोदात कुठे बसते?

वसईकर:
ताई, ही ओळ मी शेकडो वेळा ऐकलीय, पण असा अड्डा माझ्या डोळ्यांसमोर कधी आला नव्हता. तरी माझं म्हणणं सोडत नाही. इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये गोव्यात ख्रिस्ताची कथा सांगणारं क्रिस्तपुराण छापलं ते मराठी ओवीत, इथल्या माणसाला गोष्ट आपली वाटावी म्हणून. माझ्या सहकाऱ्याला ती टपरीवर आपली वाटली. हसण्याने दार उघडलं, एवढंच माझं म्हणणं.

नगरची लेक:
दार उघडलंय तर त्याला आत न्या. निर्गमच्या सहाव्या अध्यायात मोशे देवाचं वचन घेऊन परत येतो, पण काबाडकष्टांनी खचलेले लोक त्याचं ऐकूनही घेत नाहीत. तेही त्याला टपरीवर सांगा.

वसईकर:
सोमवारी सांगतो.