डिझेल फोर बाय फोर, ४ वर्षं, ६८ हजार किमी: ठेवू की विकू?

वेल्ह्याची_वाट

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वेळ काढून वाचा प्लीज.

माझी २०२१ ची डिझेल फोर बाय फोर आहे, मॅन्युअल, लॅडर फ्रेमवाली (खाली शिडीसारखी वेगळी लोखंडी चेसिस). कंपनीचं नाव टाकत नाही, नाहीतर कुठली कंपनी चांगली यावरच सगळे बोलत बसतील आणि माझा प्रश्न राहील बाजूला. सोमवार ते शुक्रवार कोथरूड ते हिंजवडी, चांदणी चौकातून, सकाळी पाऊणएक तास आणि संध्याकाळी देव जाणे किती, सगळं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. शनिवार-रविवार जमेल तसं ताम्हिणी, पानशेत, मढे घाट, वर्षातून एकदोनदा दिवेआगर.

गेल्या चार महिन्यांत डीपीएफचा (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) दिवा तीनदा लागला. दोनदा सर्व्हिस सेंटरने लॅपटॉप लावून फोर्स रिजनरेशन (साठलेली काजळी मुद्दाम जाळणं) करून दिलं, तिसऱ्यांदा म्हणाले की आता डीपीएफ बदलावाच लागेल, आणि आकडा सांगितला लाखाच्या वर. वॉरंटीची किमीची मर्यादा मी केव्हाच ओलांडलीय त्यामुळे सगळं आपल्या खिशातून. शिवाय ६० च्या पुढे गेलं की मागून घूंऽऽ असा आवाज येतो, आणि रिव्हर्समधून पहिला टाकून क्लच सोडला की खालून एक 'टक्'.

बाबांकडे जुनी जीप होती, रविवारी अंगणात चादर पसरून ते स्वतः खोलायचे आणि मी पाने हातात द्यायचो. ही गाडी घेताना त्यांना म्हणलं होतं की १५ वर्षं ठेवणार. आता बॉनेट उघडलं की वर प्लास्टिकचं झाकण, खाली सगळ्या वायरी, आणि बाबा नुसते बघत उभे राहतात. ते आता ७४ चे आहेत, पाऊस सुरू झाला की तोरण्याच्या पायथ्याशी गाडी लावून तासभर बसायचं एवढीच त्यांची हौस आहे. म्हणून विकायचा विचार आला की पोटात गोळा येतो. पण दर वर्षी लाखाचा खड्डा पडणार असेल तर परवडणार नाही. ज्यांनी अशा गाड्या लाखाच्या पुढे पळवल्यात त्यांनी मनापासून सांगा.

सह्याद्री_डिझेल

माझी पण डिझेल, १ लाख ४३ हजार झालेत, मूळ डीपीएफच आहे. विकू नका, आणि डीपीएफ तर अजिबात बदलू नका आत्ता.

आधी एक काम करा. उद्या सकाळी गाडी थंड असताना सपाट जागेवर डिपस्टिक काढून बघा. ऑइल कमी झालंय का हे सगळे बघतात, तुम्ही वाढलंय का ते बघा. डीपीएफमध्ये काजळी साठली की गाडी स्वतःच जादा डिझेल उशिरा इंजेक्ट करून एक्झॉस्ट तापवते, साधारण ६०० डिग्रीपर्यंत, आणि काजळी जाळते. याला पंधरा-वीस मिनिटं सलग चालणं लागतं. तुमचं काय होतंय, वाकडच्या सिग्नलला ते सुरू होतं आणि तोवर ऑफिसचं पार्किंग येतं, तुम्ही चावी काढता. अर्धवट राहिलं, उद्या परत सुरू, परत अर्धवट. आणि प्रत्येक वेळी ते जादा डिझेल थोडं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, लेव्हल वर चढते. असलं ऑइल टर्बोला आणि बेअरिंगला मारतं, तो खर्च डीपीएफपेक्षा मोठा.

रिजन चालू आहे हे ओळखायला शिका: आयडलिंग शंभर-दोनशे आरपीएम जास्त, मायलेज एकदम पडलेलं, बंद केल्यावरही पंखा घोंघावत राहतो, खालून तापलेल्या लोखंडाचा वास. असं असेल तर गाडी बंद करू नका, बायपासला काढा आणि खेड शिवापूरपर्यंत चौथ्या गिअरमध्ये दोन-अडीच हजार आरपीएम धरून जाऊन या. आठवड्यातून एकदा तरी असा अर्धा तास द्यायचाच. ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं छोटं यंत्र) घ्या, तुमच्या गाडीला चालणारं अ‍ॅप असेल तर काजळी किती भरलीय ते मोबाईलवर दिसतं.

आणखी एक, काजळी जळते पण राख जळत नाही. राख येते इंजिन ऑइलमधून. म्हणून लो-अ‍ॅश ऑइल, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. कुणी स्वस्तात डब्यातलं दुसरं ओतलं तर ती राख डीपीएफमध्ये कायमची बसते. ६८ हजाराला राखेने भरलाय हे मला पटत नाही. तुमचं दुखणं वरच्या अंगाला असणार: टर्बोचा एखादा होज फाटलाय, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळलाय, नाहीतर डीपीएफच्या प्रेशर सेन्सरच्या बारीक नळ्या तडकल्यात आणि सेन्सर खोटं सांगतोय. या नळ्या शेकड्यात येतात, त्या बघितल्याशिवाय लाखाचा पार्ट बदलायला हो म्हणू नका. आणि कुणी 'डीपीएफ कापून पोकळ करून देतो' म्हणेल तर सरळ नाही म्हणा. ते बेकायदेशीर आहे, आणि तो काळा धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो.

हो, डिझेल १० वर्षांनी भंगारात जाते ही भीती मनात असेल तर तो नियम दिल्ली-एनसीआरपुरता काढलेला. आपल्याकडे नोंदणी १५ वर्षांची, पुढे फिटनेस करून वाढवता येते.

नानापेठेतला_मिस्त्री

दादा, माझं गॅरेज आहे, २२ वर्षं हेच काम करतोय. इंजिनचं वरच्यांनी बरोबर सांगितलं, मी खालचं सांगतो.

टक् आवाज म्हणजे बहुतेक प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकांकडे नेणारा खालचा दांडा) जॉइंट क्रॉस नाहीतर स्लिप जॉइंट कोरडा पडलाय. गाडी न्यूट्रलला, चाकाला दगड लावा, खाली झोपून शाफ्ट हाताने पिळून बघा, खेळ कळतो. ग्रीसचं निप्पल असेल तर आधी ग्रीस मारा, पाण्यातून गाडी काढली की दर वेळी मारायचं, सर्व्हिसची वाट बघायची नाही.

घूं आवाजाला, मोकळ्या रस्त्यावर ५०-६० ला हलकं डावीकडे उजवीकडे झुलवा. वळवल्यावर आवाज बदलला तर व्हील बेअरिंग. उजवीकडे वळताना वाढला तर डाव्या बाजूचं, कारण वजन तिकडे पडतं. वळवून काही फरक नाही पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलतो, तर क्राउन पिनियन, म्हणजे हाउसिंगमधले गिअर. आणि दोन्ही नाही तर टायरचा असेल.

आता खरं विचारतो, पाण्यातून गाडी काढल्यावर हाउसिंगचं, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधल्या गोळ्याचं, ऑइल कधी बघितलंत? शोरूमवाले किमीवर बदलतात, पण पाणी किमी मोजून शिरत नाही. घाट चढून हाउसिंग तापलेलं असतं, तुम्ही तसंच ओढ्यात घालता, आतली हवा एकदम गार होऊन आकसते आणि बाहेरून खेचायला बघते. ब्रीदर पाइप (हाउसिंगला श्वास घ्यायची बारीक नळी) मोकळा असेल तर वरून हवा येते. तो बुजला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. म्हणून पाण्याच्या आधी दहा मिनिटं गाडी उभी करून गार होऊ द्या, आणि ब्रीदर बघा. ट्रान्सफर केसलाही (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा गिअरचा डबा) हाच नियम.

फोर बाय फोर महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर टाकून एक-दोन किमी चालवा, फोर लो (हळू पण जास्त जोराचा गिअर) पण. न वापरता ठेवलं की आतलं जाम होतं. पण कोरड्या डांबरावर फोर हाय (नेहमीच्या वेगाची फोर बाय फोर) घालून वळू नका, पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरायचं असतं, मध्ये सोडवायला काही नाही, सगळा ताण शाफ्ट आणि ट्रान्सफर केसवर येतो.

मुळशीची_मी

माझी जिम्नी आहे, पेट्रोल, २०२३ ची, त्यामुळे डीपीएफचं मला काही सांगता येणार नाही. पण दिवेआगर वाचलं म्हणून लिहिते. कोकणातून आल्यावर गाडी वरून चकचकीत धुतात आणि खालचं मीठ तसंच राहतं. आपण परत येऊन त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुऊन घेतो का, हे महत्त्वाचं. चेसिसच्या आत, दाराच्या खालच्या कडेला निचऱ्याची भोकं असतात, ती चिखलाने बुजली की पाणी आत साचून आतून गंज धरतो आणि बाहेरून दोन वर्षं काही दिसत नाही. अंडरकोटिंग करायचं असेल तर कोरड्या स्वच्छ गाडीवर, पावसाळ्याच्या आधी. गंजावर काळा थर मारला तर गंज झाकला जातो, थांबत नाही.

आणि किनाऱ्यावर वाळूत गाडी घालू नका हो, कळकळीने सांगते. त्या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, वरून चाक गेलं तर घरटं गेलं.

उंदीर! आमच्या सोसायटीत एका रात्रीत एबीएस सेन्सरची वायर कुरतडली, डॅशबोर्डवर चार दिवे एकदम. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर बॉनेट उघडून ठेवा आणि बॅटरीजवळ पाल्याचा कचरा साचू देऊ नका.

वेल्ह्याची_वाट

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. तीन आठवड्यांनी लिहितोय कारण करून बघून मगच सांगायचं ठरवलं होतं.

डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं आणि नाकाशी धरलं तर सरळ डिझेलचा वास. लगेच बदललं, लो-अ‍ॅश. प्रेशर सेन्सरची एक नळी वाकतेय तिथे खरंच तडकली होती, बोटाने दाबली की तोंड उघडायची. दोन्ही नळ्या बदलल्या, मग बायपासने खंबाटकी उतरून वाईपर्यंत गेलो, येताना अ‍ॅपवर काजळी निम्म्याहून खाली. दिवा परत लागलेला नाही.

मागच्या हाउसिंगचा बोल्ट मिस्त्रींनी सैल केला तर जे बाहेर आलं ते टपरीवरच्या दुधाच्या चहासारखं. बोल्टच्या चुंबकावर नुसती करडी पेस्ट होती, तुकडे नाहीत, म्हणजे गिअरचे दात वाचले म्हणाले. आणि ब्रीदर पाइपचं तोंड कशाने बुजलं होतं, तर कुंभारमाशीने आत मातीचं घर केलं होतं! बाबा खाली चादरीवर झोपून बॅटरी धरून होते, ते त्यांनाच दिसलं. तारेने हळूहळू काढलं, नवी नळी लावून तोंड वर बॉनेटपर्यंत नेलं. ऑइल भरलं, दीडशे किमी चालवून परत काढून टाकलं, आता मधासारखं स्वच्छ येतंय.

टक् ग्रीसने गेला. घूं अजून आहे, उजवीकडे वळलं की वाढतो. डाव्या मागच्या चाकाचं बेअरिंग आणून ठेवलंय, रविवारी बसवणार, बाबांनी पाने काढून पुसून ठेवलेत. विकायचं रद्द.

मिस्त्री, मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये पण बरीच माती निघाली, ती प्रत्येक ट्रिपनंतर उघडून साफ करायची का, की सर्व्हिसला केली तरी चालेल?

नानापेठेतला_मिस्त्री

चिखलातून आलात तर उघडायचं. डांबरावरून गेलात-आलात तर सर्व्हिसला बघू. आणि रविवारी बेअरिंगबरोबर सील पण नवीन टाका, जुनं परत वापरू नका.