मदत हवी आहे: मुलाच्या अंगावरचे फोड जातच नाहीत

साखळीकरीण: पोहण्याच्या वर्गातून आज मुलाला दारातूनच परत पाठवलं. मलम लावूनही फोड वाढताहेत. चतुर्थी तोंडावर, गणपतीवर बांधायच्या माटोळीचं फळं-पानांचं सामान आणायचंय आणि हे! लवकर जाईल असं काहीतरी सांगा.

फोंडेकर: वय? कुठे आहेत? ताप? कसलं मलम?

मांडवीकाठ: कांजिण्या. पाण्यात कडुलिंबाचा पाला घाला.

साखळीकरीण: कांजिण्या नाहीत हो, ताप नाही. काखेत आणि पोटाच्या कडेला आहेत. मलम मेडिकलवाल्याने दिलं.

फोंडेकर: वय राहिलंच. ट्यूबवर काय लिहिलंय?

साखळीकरीण: सहा वर्षं. क्लोबेटासोल. दाणे चकचकीत, मधोमध बारीक खळगा. एक नखाने फुटला तर आतून दह्याच्या कणीसारखं निघालं.

बार्देशची_आई: मोलस्कम आहे, आमच्या मुलीला होतं. बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, स्किनच्या डॉक्टरांनी बघताक्षणी ओळखलं. देवी रोगाच्या विषाणूच्या कुळातला विषाणू, कांजिण्यांचा वेगळा. सहा महिने ते दीड वर्ष, कधी त्याहून जास्त, पण आपोआप जातं. टॉवेल वेगळा, नखं कापलेली, भावंडांबरोबर एकत्र आंघोळ नको. शाळा बुडवायची गरज नाही. पोहताना दाणे वॉटरप्रूफ पट्टीने झाका.

फोंडेकर: आणि ती ट्यूब ठेवून द्या. जोरकस स्टिरॉइड आहे, विषाणूवर त्याचा काय उपयोग?

डिचोलीकर: होमिओपॅथीचं थुजा द्या. भाच्याचे तीन महिन्यांत साफ.

बार्देशची_आई: तीन महिन्यांत काहींचे काही न देताही जातात.

डिचोलीकर: म्हणजे आमचा अनुभव खोटा?

बार्देशची_आई: अनुभव खरा, श्रेय कुणाचं ते कळत नाही.

वाळपईचे_आजोबा: चुना आणि खार लावा. चामखीळ गळून पडते.

फोंडेकर: आजोबा, काखेतली कातडी भाजेल! लहान मूल आहे.

वाळपईचे_आजोबा: आमच्या वेळी कोणी भाजलं नाही.

काणकोणची: कुठला तलाव? फी किती? मुलीला घालायचीय.

साखळीकरीण: फी नंतर सांगते. दीड वर्ष?? खरवडून काढत नाहीत का?

बार्देशची_आई: काढतात, गोठवतातही. पण दुखतं, मूल घाबरतं आणि नवे येतातच. आम्ही थांबलो.

साखळीकरीण: दोन दाणे लाल होऊन सुजलेत. पिकले का?

बार्देशची_आई: जायच्या आधी बऱ्याचदा असेच लाल होतात. पण ताप आला, पू झाला किंवा लाली पसरत गेली तर लगेच दाखवा. एरवीही डॉक्टरांनी एकदा बघितलेलं बरं. बांबोळीला सकाळी लवकर जा, केसपेपरलाच रांग असते.

काणकोणची: फी?