मदत हवी आहे: ७२ तास उलटून गेले, आता मतदान बंद करू का?

ऐरोली_नाका: शुक्रवारी रात्री आमच्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टच्या आरसी२चं (रिलीजसाठीची दुसरी उमेदवार आवृत्ती) मतदान लावलं, ती रिलीज करायची की नाही यावर. काल रात्री ७२ तास झाले. प्लस वन (होकार) सहा, मायनस वन (नकार) एक. तरी एक जण म्हणतो, बंद करू नकोस. उद्या रात्री गणपतीला गावी निघायचंय, लॅपटॉप नेणार नाही. लवकर सांगा.

घोडबंदर_त्रस्त: प्रोजेक्ट कुठलं? अपाचे फाउंडेशनचं की आणखी कुणाचं? सहांपैकी बाइंडिंग, म्हणजे मोजणीत धरायची मतं किती?

ऐरोली_नाका: अपाचेचंच, अजून कुणाचं असणार? पीएमसीतले, म्हणजे प्रोजेक्टच्या व्यवस्थापन समितीतले दोघं. बाकी कमिटर (कोडमध्ये थेट बदल करू शकणारे) आणि वापरणारे.

घोडबंदर_त्रस्त: मग विषय संपला. पीएमसीच्या लोकांचे किमान तीन प्लस वन लागतात. कमिटरचं मत स्वागतार्ह, पण मोजणीत धरत नाहीत. ७२ तास ही कमीत कमी मुदत आहे, तेवढे झाले की दुकान बंद असं नाही. उघडं ठेवा आणि मेलिंग लिस्टवर आठवण करा. त्यात शुक्रवारी रात्री लावलंत, शनिवार-रविवार कोण टारबॉल (सोर्स कोडची फाइल) उतरवतंय?

सोसायटी_सेक्रेटरी: आमच्याकडे कोरम भरला नाही तर सभा अर्धा तास तहकूब करतो, मग आहेत तेवढ्यांत उरकतो.

घोडबंदर_त्रस्त: काका, इथे पार्किंगचा ठराव नाहीये.

फक्त_टॅग_मारा: मतदान-बितदान हवंच कशाला? कोडवर आवृत्तीचा टॅग मारा, मोकळे व्हा. लिनक्स कर्नलला कुठे मतदान असतं? रविवारी आरसी येते, सातवी-आठवी झाली की त्यांचा प्रमुख टोरवाल्ड्स फायनल काढतो.

कोपरखैरणे_लोकल: तिथे शेवटचा शब्द एकाचा. अपाचेत तसा कुणी नाही, म्हणून मतदान. आणि त्या सात-आठ आठवड्यांत कर्नलवाले काय पत्ते खेळतात? चाचणीच चालते.

ऐरोली, तो मायनस वन कशाबद्दल आहे ते सांगाल का?

ऐरोली_नाका: एक टेस्ट फेल म्हणतो. माझ्याकडे सगळ्या पास. रिलीजला व्हेटो, म्हणजे एकाच्या नकाराने अडणं, नसतो ना?

कोपरखैरणे_लोकल: नसतो. बाइंडिंग प्लस तीन आणि मायनसपेक्षा जास्त, बस. पण टेस्ट कुठली? मत देणारा कुठे बसतो?

ऐरोली_नाका: तारखेची. तो जर्मनीत. लॉगमध्ये ‘अपेक्षित १६ ऑगस्ट, मिळाली १५ ऑगस्ट’.

कोपरखैरणे_लोकल: टाइमझोन! टेस्टमधली वेळ बघा, मध्यरात्रीनंतरची असणार. ऐरोलीत रात्रीचा दीड म्हणजे यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ. टाइमझोन यूटीसी लावून चालवा.

डॉकरभक्त: मी प्रत्येक धाग्यावर सांगतो, सगळं कंटेनरमध्ये (मशीनपासून वेगळ्या बंदिस्त वातावरणात) चालवा. तिथे बहुतेक वेळा यूटीसीच असतो, आरसी काढण्याआधीच कळलं असतं.

ऐरोली_नाका: यूटीसी लावल्यावर झाली लाल, म्हणजे फेल. मी लिहिलेली नाही ती टेस्ट. तेवढी फाइल बदलून त्याच नावाने परत चढवतो, आलेली मतं तीच धरतो.

घोडबंदर_त्रस्त: अहो नाही! लोकांनी फाइलची डिजिटल सही तपासली, एसएचए-५१२ चेकसम जुळवला, सोर्स स्वतःच्या मशीनवर बिल्ड केला आणि मग प्लस वन दिला. तुम्ही फाइल बदललीत की ते मत कशाला दिलेलं उरलं? आरसी३ काढा, नवं मतदान, पुन्हा किमान ७२ तास.

कोपरखैरणे_लोकल: एवढ्यासाठी आरसी३ कशाला? चूक फक्त टेस्टमध्ये असेल तर तसं लिस्टवर लिहा, पुढच्या रिलीजमध्ये दुरुस्त करू म्हणा. पटलं तर तो मायनस वन मागे घेईल. मूळ कोडही सिस्टिमचा टाइमझोन उचलत असेल तर मात्र त्याचं बरोबर आहे.

घोडबंदर_त्रस्त: म्हणजे जर्मनीत जो जो बिल्ड करेल त्याने लाल बघायचं? माझा तरी मायनस वनच.

सोसायटी_सेक्रेटरी: गावी जाताय तर पहाटे निघा. रात्री निघालात तर माणगावात सकाळ होते.

ऐरोली_नाका: मूळ कोड बघितला, तिथे यूटीसीच आहे. लिस्टवर तसं टाकलं. तिसऱ्या बाइंडिंग मताची वाट बघतोय. निकालाचा मेल मीच टाकायला हवा का, की दुसरा कमिटर चालेल? आणि माणगाव टाळायला रस्ता आहे का?