मॉमची 'थिएटर' कादंबरी क्लासमध्ये घेतलीय, पुढं कशी न्यावी?

संध्याकाळचा_क्लास

नमस्कार मंडळी. मी राजारामपुरीत घरीच इंग्रजीचा क्लास घेते, मोठ्या माणसांचा. नऊ जण आहेत. दोघी बँकेतल्या, एक जण मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात हिशेब बघणारा, एक रिटायर्ड काका आणि बाकी कॉलेजची पोरं. ग्रामर सगळ्यांचं बऱ्यापैकी झालंय पण बोलायला लागलं की अडतात, म्हणून या वर्षी ठरवलं की उतारेबितारे नकोत, एक अख्खी कादंबरी वाचून काढायची. सॉमरसेट मॉमची 'थिएटर' घेतली, 1937 ची. वाक्यं सोपी, संवाद भरपूर आणि गोष्ट नाटकवाल्यांची, मला वाटलं कोल्हापुरात याहून चांगलं काय असणार. ज्युलिया लॅम्बर्ट ही लंडनच्या रंगभूमीवरची मोठी नटी, वय 46, नवरा मायकेल स्वतः नट आणि थिएटर चालवणारा, आणि ऑफिसात हिशेब तपासायला आलेला लाजरा तरुण पोरगा, टॉम, तो पुढं तिच्या आयुष्यात येतो.

पण तीन आठवडे झाले आणि आम्ही अजून सुरुवातीच्याच पानांत घुटमळतोय. प्रत्येक जण प्रत्येक शब्द मोबाईलवर शोधत बसतो, मग मराठीत अर्थ लिहितो, मग पुढचं वाक्य, तोवर मागचं विसरलेलं. नाटकाचे शब्द तर डिक्शनरीत बघूनसुद्धा कळत नाहीत, 'पिट' म्हणजे एकानं खड्डा लिहून आणला. आणि तिसरी गोष्ट, काका परवा सगळ्यांसमोर म्हणाले की मॅडम, लग्न झालेल्या बाईचं निम्म्या वयाच्या पोराशी प्रकरण, हे आपण कशाला वाचायचं. बँकेतल्या दोघी गप्प बसल्या. मला उत्तर देता आलं नाही आणि ते मला लागून राहिलंय. पुस्तक बदलू का? मनापासून सांगा, कुणी शिकवलंय का हे?

तिसरी_घंटा

मॅडम पुस्तक अजिबात बदलू नका. मी शिक्षक नाही, पण राज्य नाट्य स्पर्धेला बारा-तेरा वर्षं बॅकस्टेज केलंय आणि ही कादंबरी दोनदा वाचलीय, दुसऱ्यांदा तर पेन्सिल घेऊन. तुमच्या पोरांना नाटकाचे शब्द डिक्शनरीत मिळणार नाहीत, कारण ते आपल्याकडं आधीच आहेत, फक्त दुसऱ्या नावानं. ज्युलियाची एव्ही आहे ना, तिला कपडे चढवणारी, मेकअप उतरवताना शेजारी असणारी आणि तोंडावर खरं बोलणारी, तिचा 'ड्रेसर' हा शब्द. त्याचा अर्थ लिहून देत बसू नका, 'रंगपटातली बाई' म्हणा, नाटकात काम केलेल्या कुणालाही चेहरासुद्धा दिसेल. 'हाउस' म्हणजे घर नाही, आपण म्हणतो ना आज हाउस चांगलं होतं, म्हणजे प्रेक्षक, तेच. 'कंपनी' म्हणजे आपली नाटक कंपनी. 'प्ले'ला आपले जुने लोक नाटकाचा खेळ म्हणायचेच की. 'पिट' म्हणजे तळमजल्यावरच्या महागड्या खुर्च्यांच्या मागची स्वस्तातली जागा, तिथं नंबर नसायचे, लोक रांग लावून बसायचे. आणि इंग्लंडातला नट 'रेस्टिंग' आहे म्हणाला तर तो आराम करत नाही, त्याच्याकडं सध्या काम नाही, हा शब्द मला फार बोचतो.

जमलं तर एक दिवस सगळ्यांना घेऊन खासबागेकडं जावा. केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं, संगीतसूर्य केशवरावांच्याच जयंतीच्या आदल्या दिवशी. शाहू महाराजांच्या काळातलं, 1915 ला पॅलेस थिएटर म्हणून उघडलेलं. त्या रात्री मी रस्त्यावर उभा होतो आणि शेजारी एक म्हातारे गृहस्थ नुसते भिंतीकडं बघत रडत होते, बोलत काहीच नव्हते. ज्युलियाला स्टेजवर जेवढं खरं वाटतं तेवढं घरात वाटत नाही, हे ज्या माणसानं ती रात्र बघितलीय त्याला वेगळं समजावून सांगायला लागणार नाही.

आणि तिचा पहिला गुरू जिमी लँग्टन, मिडलपूलचा. तो तिला शिकवतो की स्टेजवर नैसर्गिक असायचं नाही, नैसर्गिक वाटायचं. हे आमच्या तालमीच्या सरांनी आम्हाला वेगळ्या शब्दांत शंभरदा सांगितलंय. पोरांना ते पान मोठ्यानं वाचायला लावा, आधी पाठ केल्यासारखं, मग बोलल्यासारखं. तुमचा बोलण्याचा प्रॉब्लेम तिथंच निम्मा सुटंल.

पानोपानी

मी कॉलेजला इंग्रजी शिकवते, माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. वरच्या दादांनी शब्दांचं सांगितलं ते बरोबरच आहे, पण या कादंबरीत भाषा शिकायची खरी जागा दुसरीच आहे. ज्युलिया तोंडानं एक बोलते आणि मनात दुसरंच म्हणते, आणि मॉम दोन्ही लिहितो, लागोपाठ. तोंडातलं इंग्रजी घोटीव, गोड, मोठ्या घरातलं. मनातलं रांगडं, कधीकधी शिवीसकट. म्हणजे एकाच बाईच्या दोन भाषा एकाच पानावर, यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही. वहीत दोन रकाने करा, डावीकडं बोलली ते, उजवीकडं मनात म्हणाली ते, आणि उजवीकडचं मराठीत लिहायला सांगा पण अस्सल मराठीत, आपण घरात चिडून बोलतो तसं. भाषांतर करायचं तर तेवढंच करा, बाकी पुस्तकाला हात लावू नका. पहिल्या वाचनात एका पानाला तीनच शब्द शोधायचे असा नियम करा, कुठले तीन ते त्यांचं त्यांनी ठरवू दे.

एक जपा. हे तीसच्या दशकातलं इंग्रजी आहे. 'गे' म्हणजे आनंदी, 'क्वीअर' म्हणजे विचित्र, आणि 'मेक लव्ह' त्या काळात बऱ्याचदा नुसतं लाडीगोडीचं बोलणं असायचं. हे आधी सांगितलं नाही तर काकांना आहे त्याच्या दुप्पट प्रकरणं दिसतील आणि पोरं चुकीच्या ठिकाणी हसतील.

आणि तुमच्या अडणाऱ्या लोकांना मॉमचं स्वतःचं सांगा. तो पॅरिसमध्ये जन्मला, 1874 ला, आणि त्याची पहिली भाषा फ्रेंच. आईवडील दोघं गेले, दहा वर्षांचा असताना इंग्लंडात काकाकडं आला, तिथल्या शाळेत त्याच्या इंग्रजीला पोरं हसायची, त्यात तो तोतरा. त्याच माणसाची 1908 साली लंडनात एकाच वेळी चार नाटकं चालू होती. 1933 नंतर नाटक लिहायचं थांबवलं आणि चार वर्षांनी ही कादंबरी आली, म्हणजे आत राहून सगळं बघितलेल्या माणसानं लिहिलेलं आहे. माझ्या वर्गात मी हे पहिल्याच दिवशी सांगते. गेल्या वर्षी एक मुलगी, जी कधी तोंड उघडायची नाही, तास संपल्यावर थांबली आणि विचारलं की मॅडम, मग तो विचार कुठल्या भाषेत करत असेल. इंग्रजीत विचारलं तिनं.

पेठेतला_वाचक

काकांच्या प्रश्नाबद्दल बोलतो. त्यांना गप्प करू नका मॅडम, त्यांचा प्रश्न खरा हाय. फक्त त्यांना सांगा की शेवटाकडं ज्युलियाचा पोरगा रॉजर आईला समोर बसवून हेच विचारतोय, तेपण जास्त कडक. तो म्हणतो तू सारखी अभिनयच करतीस, तुझ्यात खरं काय हाय मला म्हाईत न्हाई, तू एकटी असताना त्या खोलीचं दार उघडलं तर आत कुणी असंल का याची मला भीती वाटती. लेखकानं बाईला मोकळं सोडलेलं न्हाई, पोराच्याच तोंडानं जाब विचारलाय. काकांना म्हणावं तिथंपर्यंत वाचा, मग भांडूया. मी ते पान वाचून रात्री आईला फोन लावलेला, कारण काय सांगता आलं न्हाई, जेवलीस का विचारलं आणि ठेवला.

तिसरी_घंटा

@पेठेतला_वाचक भारी लिहिलंस. मॅडम आणखी एक राहिलं. सुरुवातीच्या दुपारच्या जेवणात तळलेले बटाटे येतात, पाहुण्यासाठी म्हणून स्वयंपाकिणीनं घाईघाईनं केलेले. त्या पानावर सगळ्यांना खूण करायला सांगा. का ते सांगू नका.

संध्याकाळचा_क्लास

सगळ्यांचे खूप आभार, पुस्तक बदलत नाही. काल तास झाला म्हणून लगेच लिहितेय. जेवणाचंच पान घेतलं. माशाचा तुकडा, कटलेट, पालक, शिजवलेली फळं, वजन वाढू नये असं मोजूनमापून जेवण, आणि त्यात ते बटाटे. ज्युलिया त्यांच्याकडं आशेनं बघते आणि मान हलवून नको म्हणते. मायकेल असा बघतो की जणू हे काय आहे हेच त्याला ओळखू येत नाही, आणि मग तंद्रीतून जागा झाल्यासारखा नको म्हणतो. मी तिघांना पात्रं वाटली आणि मोबाईल टेबलावर पालथे ठेवायला लावले. ज्युलिया बँकेतल्या एका ताईंना दिली. त्यांनी वाटीकडं बघितलं, खरोखर माझ्या घरातली रिकामी वाटी होती, आणि इतका वेळ थांबल्या की मला वाटलं वाक्य विसरल्या. मग 'नो' म्हणाल्या, एवढंसं, आणि वाटी स्वतःच्या हातानं लांब सरकवली. ती सरकवायची पुस्तकात नाही. म्हणाल्या, मॅडम मला शुगर आहे, सहा वर्षं झाली, घरात जिलेबी आली की मी असंच करते. हे सगळं इंग्रजीत म्हणाल्या, मध्ये एकदा अडल्या पण थांबल्या नाहीत.

काकांना मी रॉजरचं सांगितलं, पान नंबर सांगितला नाही. त्यांनी पुस्तक घरी न्यायला मागितलं. अडत दुकानवाल्या दादांनी बटाट्यांवर लाल पेनानं गोल केलाय आणि सारखं विचारतायत का, का. मी शेवटचं प्रकरण काल रात्री पुन्हा वाचलं, लंडनच्या बर्कली हॉटेलात ज्युलिया एकटीच जेवायला बसलीय, कांदा घातलेलं स्टेक, बिअर, आणि दहा वर्षांनी ते बटाटे. दादांना अजून काही सांगितलेलं नाही.