लहानग्यांचा टीव्ही सकाळपुरता होता तेच बरं होतं

शेवंती
परवा भाचीकडे गेले होते. तिचा अडीच वर्षांचा लेक टॅबलेट घेऊन बसलेला. एक गोष्ट संपते न संपते तोच दुसरी आपोआप सुरू. मला आमचे अमेरिकेतल्या एडिसनमधले 2001 चे दिवस आठवले. निकलोडियन या मुलांच्या वाहिनीवर सकाळी छोट्यांसाठी 'निक ज्युनियर' लागायचं. ब्लूज क्लूज, डोरा वगैरे. दुपारी दोनच्या सुमारास ते आटपायचं आणि मोठ्या मुलांची कार्टून्स सुरू व्हायची. त्यातलं काही कळायचं नाही म्हणून माझा मुलगा आपणहून उठायचा. मला 'बास आता' म्हणावंच लागायचं नाही.

1988 पासून मोठ्या वाहिनीवर बालवाडीच्या वयासाठी असे सकाळचे काही तास राखून ठेवायला लागले, त्याला 'ब्लॉक' म्हणायचे. टीव्हीवाल्यांच्या हातून नकळत घडलेलं ते चांगलं काम होतं असं माझं मत. दिवसभराच्या वाहिन्या आल्या आणि बिघडलं. 1999 ला नोगिन आलं. 2002 पासून ते रोज 12 तास फक्त छोट्यांसाठी आणि 2007 संपता संपता चोवीस तास. तीन वर्षांचं पोर रात्री दोनला काय बघणार आहे?

खवचट_खारूताई
'नकळत' मान्य, 'चांगलं काम' अमान्य. मोठी मुलं शाळेत गेली की टीव्हीसमोर घरात उरतं कोण? चिल्लीपिल्ली आणि त्यांच्या आया. रिकामे तास त्यांच्यावर भागवले, एवढंच. तुमच्या मुलाला दोन वाजता उठवायचा कुणाचाही विचार नव्हता. दोन वाजता जास्त गिऱ्हाईक शाळेतून घरी येत होतं!

आणि जरा मागे जा. 1977 मध्ये ओहायोतल्या कोलंबस शहरात वॉर्नरच्या 'क्यूब' केबलवर पिनव्हील नावाची छोट्यांची वाहिनी निघाली, तिच्यातूनच 1979 ला निकलोडियन झालं. सुरुवातीला जाहिराती नव्हत्या. पुण्य लागावं म्हणून नव्हे. मुलांची सोज्वळ वाहिनी दाखवली की आईबाप केबल घ्यायला तयार होतात म्हणून. 80 च्या दशकात जाहिराती आल्याच. शेवटी 1990 मध्ये अमेरिकी काँग्रेसला कायदा करावा लागला: मुलांच्या कार्यक्रमांत तासाला जास्तीत जास्त 12 मिनिटं जाहिराती, शनिवार-रविवारी साडेदहा. आणि तुम्ही ज्याला नावं ठेवताय त्या नोगिनवर छोट्यांच्या वेळेत जाहिराती नव्हत्या.

न्यूजर्सीचा_नाना
खारूताई, सगळंच गल्ल्यात मोजू नका हो. ब्लूज क्लूज 1996 ला आलं तेव्हा सोमवार ते शुक्रवार रोज तोच भाग दाखवायचे. आम्ही मोठे वैतागायचो. पण माझी मुलगी सोमवारी ब्लू कुत्रीने सुगावा म्हणून सोडलेले पायाचे तीन ठसे नुसती बघायची, बुधवारी त्या निवेदक स्टीव्हच्या आधी उत्तर ओरडायची, आणि शुक्रवारी माझ्याकडे वळून मलाच समजावायची. स्टीव्ह प्रश्न विचारून गप्प उभा राहायचा, पोरांनी उत्तर द्यावं म्हणून. टीव्हीवर कुणी गप्प उभं राहतं का एरवी? प्रत्येक भाग बनवताना तीनदा खऱ्या मुलांसमोर तपासून घ्यायचे. ही मेहनत ब्लॉकच्या काळातलीच आहे.

खवचट_खारूताई
नाना, मेहनत होती, नाही कोण म्हणतंय? पण पहिल्या वर्षी भाग 20. रोज एक दाखवला तर चार आठवड्यांत खलास, आठवड्याला एक दाखवला तर 20 आठवडे निघतात. तुमच्या मुलीला फायदा झालाच असेल, पण त्यात वाहिनीचीही सोय झाली की नाही?

बाराखडी_काकू
दोघांचंही पटतं, पण शेवंतीताईंचं मूळ म्हणणं पटत नाही. दिवसभराची वाहिनी म्हणजे बेशिस्त असं काही नाही. 2005 ला आलेलं स्प्राउट बघा. चोवीस तास चालायचं, पण संध्याकाळी 'गुड नाइट शो' लागायचा. हलक्या आवाजात गप्पा, गोष्टी, आणि हळूहळू झोपेकडे न्यायचे. सकाळच्या कार्यक्रमात मुलांनी स्वतः रंगवून पाठवलेली वाढदिवसाची कार्डं दाखवायचे. आमच्या नातीने पाठवलेलं कार्ड काही लागलं नाही, महिनाभर रुसून होती. ते असो. दिवसाला लय तिथेही होती.

आणि तुमचा तो ब्लॉक तरी संपायचा कुठे? निकलोडियनच्या त्या केशरी रंगाच्या व्हिडिओ कॅसेट विसरलात? आमच्याकडे डोराच्या चार होत्या. टीव्हीवर दोन वाजता संपलं की आमच्या घरात दोन वाजून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू. नातीला मराठीत पाचापर्यंत मोजता येत नव्हतं, पण डोराच्या स्पॅनिशमधलं 'सिंको', म्हणजे पाच, बरोब्बर यायचं. आजोबा म्हणायचे, ही कुठल्या देशस्थांची गं?

न्यूजर्सीचा_नाना
काकू 😂 आमच्याकडे डोरासारखं 'वामोनोस', म्हणजे 'चला', म्हटल्याशिवाय कुणी गाडीत बसायचं नाही.

नोगिनबद्दल एक राहिलं. ते डिजिटल केबल किंवा डिश असलेल्यांनाच मिळायचं. साध्या केबलवाल्यांना सकाळचा ब्लॉकच. म्हणजे जाहिरातमुक्त टीव्ही जास्त पैसे मोजणाऱ्यांच्या पोरांना, आणि जाहिरातींसकट टीव्ही बाकीच्यांना. यावर मात्र मी खारूताईंच्या बाजूने.

खवचट_खारूताई
तारीख लिहून ठेवते.

शेवंती
काकू, कॅसेटचा मुद्दा बिनतोड, मी विसरलेच होते. आमच्याकडेही दोन होत्या. जाहिरातींबद्दलही हरले, खारूताई. वाहिनीला माझ्या मुलाची काळजी नव्हती हेही खरं.

पण एक सांगते. कॅसेट संपली की ती मागे न्यायला लागायची. आमच्या जुन्या व्हीसीआरला दोन-तीन मिनिटं सहज लागायची, वर कर्रर्र आवाज. तेवढ्यात हा गॅलरीत पळालेला असायचा आणि कॅसेट लावायची आहे हे आम्ही दोघंही विसरलेलो असायचो. भाचीच्या त्या टॅबलेटवर पुढची गोष्ट सुरू व्हायच्या आधी पाच आकडे उलटे मोजतात, बस्स.