विद्यार्थ्यांनी चालवलेल्या थिंक टँकमध्ये वेळ घालवावा का?

मूळ मांडणी
विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या थिंक टँकमध्ये, म्हणजे सार्वजनिक धोरणांचा अभ्यास करून शिफारशी करणाऱ्या गटात, मी दोन वर्षे काम केले आहे आणि नव्या विद्यार्थ्यांनी त्यात जरूर यावे, असे माझे मत आहे. २००४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीनंतर स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी रूझवेल्ट इन्स्टिट्यूशन सुरू केली, २००९ मध्ये केंब्रिजला विल्बरफोर्स सोसायटी निघाली; म्हणजे कल्पना आता नवी नाही. वर्गातला निबंध ज्या प्राध्यापकासाठी लिहायचा, त्याला विषय आधीच ठाऊक असतो. थिंक टँकमध्ये लिहायचे धोरण टिपण मात्र उद्या ज्याला सही करायची आहे आणि ज्याच्याकडे दहाच मिनिटे आहेत, अशा माणसासाठी असते. म्हणून खर्च कोण उचलणार, अंमलबजावणी कोण करणार, नुकसान कोणाचे होणार आणि काहीच केले नाही तर काय बिघडेल, हे दोन पानांत सांगावे लागते. माझे पहिले टिपण २३ पानांचे होते. ते कोणी वाचले नाही, हे वेगळे सांगायला नको.

प्रतिसाद १ (विरोधात)
लेखनाचा सराव होतो हे मान्य. पण त्यासाठी ‘थिंक टँक’ हे भारदस्त नाव कशाला? ब्रूकिंग्ज या अमेरिकेतल्या नावाजलेल्या थिंक टँकची पूर्वज संस्था १९१६ मध्ये पगारी तज्ज्ञांच्या बळावर उभी राहिली आणि राष्ट्रीय अर्थसंकल्पाच्या सुधारणेचा तिने पाठपुरावा केलेला कायदा १९२१ मध्ये झाला. ही पाच वर्षे एका पदवीच्या काळापेक्षा जास्त आहेत. विद्यार्थी-गटातली सगळी माणसे तीन-चार वर्षांत बदलतात, नवे पदाधिकारी नवा विषय घेतात आणि जुन्या शिफारशीचा पाठपुरावा करायला कोणीही उरत नाही. उरते ती रेझ्युमेवरची एक ओळ. शिवाय विद्यार्थी संघटनेचे प्रतिनिधी निदान निवडून तरी आलेले असतात; थिंक टँकवाले कोणाच्या वतीने बोलतात?

प्रतिसाद २ (अंशतः बाजूने)
प्रतिनिधित्वाचा आक्षेप मला गैरलागू वाटतो, कारण टिपण हे पुराव्यावर तोलायचे असते, मतांवर नव्हे. माणसे बदलण्याचा मुद्दा मात्र खरा आहे. आमच्या गटात कच्ची माहिती, मुलाखतींच्या नोंदी आणि कोणाला केव्हा भेटलो याची वही पुढच्या तुकडीकडे सोपवण्याचा नियम होता. तो कंटाळवाणा होता, पण गट टिकला तो त्यावरच. दुसरी अट विषयाची: अण्वस्त्रांवर लिहिण्यापेक्षा ज्याच्या दारात आपण उद्या जाऊन बसू शकतो, अशा अधिकाऱ्याच्या हातातला प्रश्न घ्यावा.

मूळ लेखक
हे मला पटते. आमचे सर्वांत उपयोगी टिपण वाचनालय रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवण्याविषयी होते. रखवालदारांच्या पाळ्यांचा हिशेब जोडल्यावरच प्रशासनाने ते गांभीर्याने घेतले आणि परीक्षेच्या महिन्यापुरती मागणी मान्य झाली.

प्रतिसाद १
अभिनंदन, उपरोधाने म्हणत नाही. पण त्या महिन्यात रात्री वाचनालयात किती जण बसले, हे नंतर कोणी मोजले का?

मूळ लेखक
नाही. तोवर आमच्याच परीक्षा सुरू झाल्या होत्या.